भुतांची धून, देवमासा आणि डांबर लावलेली होडी

परवा ग्रुपवर फॉरवर्ड आलं, "आयर्लंडमधली प्रसिद्ध फिडलची धून चक्क देवमाशाने रचली, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं!!" आणि खाली चार हात जोडलेले इमोजी. सिद्ध वगैरे कोणी काही केलेलं नाही, पण आयडिया इतकी भारी आहे की म्हटलं जरा नीट लिहूया.

धुनेचं नाव 'पोर्ट ना बूकी'. पोर्ट म्हणजे धून आणि पूका म्हणजे भूत (नावात त्याचंच 'बूकी' झालंय), थोडक्यात भुतांची धून. ही आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी काउंटीसमोरच्या ब्लास्केट बेटांची, त्यातल्या इनिशविकिलान नावाच्या इवल्याशा बेटाची. नाचायची नाही, एकदम संथ, विलापासारखी. रात्री समुद्रावरून हे सूर ऐकू आले, बेटावरच्या माणसाने ते फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवरच) उतरवले, आणि वाजवणारे भुतंच असणार असं ठरलं. आपल्या कोकणात घडलं असतं तर देवचाराच्या खात्यावर जमा झालं असतं, तसंच. पुढे १९७० साली हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची रेकॉर्ड बाजारात आली, १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे या संशोधकांनी दाखवलं की ही गाणी ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटली जातात, आणि मग ब्लास्केटच्या त्या सुरांबद्दल लोकांच्या डोक्यात दिवा पेटला.

पण मासा पाण्यात, माणूस हवेत. आवाज वर येणार कसा? मला खरं तर एवढ्याच गोष्टीवर लिहायचं होतं.

गावच्या विहिरीत पोहलेल्यांना माहीत असेल, दुसऱ्या टोकाला मित्राने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले की बुडी मारलेल्याच्या कानात खणखणीत टक्क वाजतं, आणि काठावर बसलेल्याला जवळजवळ काहीच नाही. कारण आवाज पृष्ठभागापर्यंत येतो आणि तिथूनच खाली परततो. समजा लोखंडी गोळा घरंगळत जाऊन टेबल टेनिसच्या बॉलला धडकला. बॉल टुणकन उडतो, पण गोळ्याच्या एनर्जीतली किती नेली? चिमूटभर. पाणी म्हणजे गोळा आणि हवा म्हणजे बॉल. घनता गुणिले आवाजाचा वेग असा हिशोब केला (पाण्यात सेकंदाला १५०० मीटर, हवेत ३४०) तर पाणी हवेपेक्षा सुमारे ३६०० पट 'जड' निघतं, याला अकूस्टिक इम्पिडन्स म्हणतात. आणि गंमत म्हणजे टकरीचा फॉर्म्युला आणि आवाजाचा फॉर्म्युला अगदी एकच आहे, ४ भागिले ३६००, म्हणजे ९०० तला एक भाग वर येतो, बाकी सगळं परत पाण्यात! आपल्या कानाच्या आत पण द्रव आहे, म्हणून तर निसर्गाने मध्ये तीन हाडं आणि मोठा पडदा-छोटी खिडकी अशी जुगाड बसवलीय, नाहीतर आपण सगळेच अर्धे बहिरे असतो. असो, भरकटलो.

९०० तला एक म्हणजे संपलंच ना? नाही, कारण गाणारा चाळीस फुटी आहे. मी कागदावर ढोबळ हिशोब केला, शंभर मीटरवर गाणारा हंपबॅक, तर पाण्याच्या वर साधारण ३५-४० डेसिबल उरतात, म्हणजे शांत खोलीतली कुजबुज. (देवमासा १७० डेसिबलचा म्हणजे जेट विमानापेक्षा मोठा, असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, पाण्यातलं आणि हवेतलं डेसिबल वेगवेगळ्या मापाने मोजतात, सरळ ६० च्या वर वजा करावे लागतात.)

आता होडी. तिथली होडी म्हणजे नेवोग, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर डांबर फासलेलं कॅनव्हास, बस्स. 'ड्रमसारखी आवाज वाढवते' असं सगळीकडे लिहितात ते मला पटत नाही, ड्रम काय फुकटची एनर्जी तयार करतो का? पण एवढं पातळ कापड पाण्याबरोबर हलतं, जाड फळीसारखं आडवं येत नाही, आणि तुम्ही त्या सांगाड्यावरच बसलेले, म्हणजे थोडं हाडांतूनही ऐकू येणार. वर इंजिन नाही, वारा पडलेला, वल्ही थांबलेली. १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात कोलाडॉन नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याखालची घंटा लांबवरून ऐकली तेव्हा पाण्यात नळा बुडवून कान लावला होता, इथे अख्खी होडीच नळा!

मग त्या भागात हंपबॅक गातात का? गातात. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाने पाणबुड्या पकडायला समुद्रतळावर ठेवलेल्या मायक्रोफोनवर ब्रिटन-आयर्लंडच्या पश्चिमेला हिवाळाभर हंपबॅकची गाणी सापडली, गाणारे हळूहळू नैऋत्येला सरकत होते. पण त्यावरून 'हीच धून' म्हणणं म्हणजे उडीच. देवमाशाचं गाणं दहा-वीस मिनिटांचं, त्यातले सूर घसरत जाणारे, आपल्या मींडसारखे. फिडलला गिटारसारख्या पट्ट्या नसतात म्हणून ते घसरणं जमतं खरं, पण त्याची धून वाजवणाऱ्यानेच केली.

आणि हो, यासाठी आयर्लंडलाच जायला पाहिजे असं नाही, गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली माईक सोडून हंपबॅकचं गाणं रेकॉर्ड झालंय. अरबी समुद्रातले हे हंपबॅक बाकीच्यांसारखे दूरच्या थंड पाण्यात जात नाहीत, वर्षभर इथेच असतात. तिथल्या एखाद्या जुन्या रापणकाराने इंजिन बंद केलेल्या होडीत बसून रात्री कधी काही ऐकलंय का, हे मला विचारायचंय. कोणी ओळखीचं असेल तर सांगा.