लांब बारचा चेनसॉ म्हणजे झटपट जळण? एक खुलासा

“बार जितका लांब, तितकं लाकूड लवकर कापलं जातं”, असा सल्ला चेनसॉबद्दल, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीबद्दल, सर्रास फिरतो. बार म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते ती. ऐकायला पटतोही, पण तो बरोबर नाही.

कापण्याचा वेग ठरतो इंजिनाची ताकद आणि साखळीची धार यांवर. बारची लांबी फक्त एवढंच सांगते, की केवढ्या जाडीचं खोड एका दमात कापता येईल. छोट्या इंजिनावर लांब बार चढवला, की तीच ताकद जास्त लांबीची साखळी ओढण्यात जाते. यंत्र पुढच्या बाजूला जड होतं आणि तासाभरात मनगटं भरून येतात. शिवाय लांब बारचं टोक नजरेआड दुसऱ्याच ओंडक्याला टेकू शकतं. टोकाचा वरचा भाग असा टेकला, की यंत्र झटक्यात कापणाऱ्याच्या अंगावर उसळतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

निफाड-दिंडोरीकडे जळणाला येतात ती बहुधा काढलेल्या द्राक्षवेलींची खोडं आणि बांधावरची बाभूळ. खोडाला सुतळी गुंडाळून घेर मोजा, ३.१४ ने भागा. घेर ७५ सेंमी असेल तर जाडी साधारण २४ सेंमी, म्हणजे साडेनऊ इंच. त्यात दोन इंच मिळवा: १२ इंची बार पुरतो. एखादं खोड जाड निघालंच, तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. घरच्या जळणाला १४ ते १६ इंची बार आणि ३५ ते ४५ सीसीचं इंजिन भरपूर झालं.

आहे तेच यंत्र हळू चालत असेल तर आधी भुसा पाहा. जाडसर कपच्या पडत असतील तर धार ठीक आहे; पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर साखळीला कानस लावायची वेळ झाली आहे.