बियांची खांदेपालट

कॅमेरूनमध्ये मंत्रिमंडळ बदलणार अशी कुजबुज सुरू झाली, की कोण येणार यापेक्षा कोण जाणार, आणि गेलेला पुढे कुठे पोहोचणार, याचीच चर्चा जास्त होते. कारण अध्यक्ष पॉल बिया यांची सत्ता मुळात पक्की झाली तीच खांदेपालटातून.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पहिले अध्यक्ष अहमदू अहिजो पायउतार झाले आणि पंतप्रधान बिया त्यांच्या जागी आले. पक्षाची सूत्रे मात्र अहिजोंनी स्वतःकडेच ठेवली. बियांनी जून १९८३ मध्ये त्यांची माणसे मंत्रिमंडळातून काढायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये कट उघडकीस आल्याचे सांगून पंतप्रधान बेलो बूबा मैगारी यांनाही घरी बसवले. अहिजोंनी पक्षाध्यक्षपद सोडले ते त्याच महिन्यात. एप्रिल १९८४ चा उठाव फसला आणि तेवढेही आव्हान संपले. अहिजो १९८९ मध्ये परागंदा अवस्थेत डाकारला वारले.

बहुपक्षीय राजकारण आल्यावर १९९२ ची निवडणूक बियांनी सुमारे ४० टक्के मतांवर कशीबशी जिंकली. मग विरोधकांनाच मंत्रिपदे देणे सुरू झाले. १९८४ च्या उठावानंतर तुरुंगात गेलेले इसा चिरोमा बकारी वाहतूकमंत्री झाले. देशाबाहेर जावे लागलेले मैगारीही १९९७ मध्ये मंत्री म्हणून सरकारात परतले. माणूस मोडायचा नाही, मिंधा करायचा, असाच हा खाक्या दिसतो.

अर्थात ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यासाठी वेगळी वाट होती. भ्रष्टाचारविरोधी ‘एपर्व्हिए’ मोहिमेत माजी पंतप्रधान एफ्राइम इनोनी आणि माजी मंत्री मराफा हमिदू याया यांना २०१२ मध्ये अटक झाली. मराफांकडे तर भावी वारस म्हणून पाहिले जात होते. त्याआधीच, २००८ मध्ये, अध्यक्षाच्या कार्यकाळांवरची मर्यादा घटनादुरुस्तीने उठली होती.

जानेवारी २०१९ मध्ये जोसेफ डिऑन न्गुटे पंतप्रधान झाले. त्यानंतर वर्षानुवर्षे मोठा फेरबदलच नाही; काही मंत्री वारले, तरी त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. माझ्या मते हीसुद्धा बियांची चालच. यादी निघालीच नाही, तर आशा आणि धाक दोन्ही टिकतात.

जून २०२५ मध्ये मात्र चिरोमा आणि मैगारी दोघेही सरकारपासून दूर होऊन अध्यक्षपदाच्या मैदानात उतरले. ऑक्टोबरच्या अधिकृत निकालात बियांना ५३.६६ टक्के मते मिळाली, चिरोमांना सुमारे ३५. चिरोमांनी तो निकाल मानला नाही आणि ते गांबियाला गेले. ९२ वर्षांच्या बियांनी ६ नोव्हेंबरला आठव्यांदा शपथ घेतली.