थंड अक्षांशांकडे वळणारी चक्रीवादळे : उशिरा जुळलेल्या दोन शास्त्रांची पार्श्वभूमी

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ तारखेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले आणि जमिनीवर आल्यावर विरत गेले, तेव्हा नाशिकपुरता तो विषय संपल्यासारखाच होता. मात्र २० मेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत ११९.३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मे महिन्यातील तेथील आधीचा उच्चांक त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. त्या वेळी चक्रीवादळ म्हणावे असे काही शिल्लक नव्हते. उरले होते ते बाष्प आणि एक सैलसर भोवरा, आणि त्यांना उत्तरेत पश्चिमी झंझावाताची साथ मिळाली होती. समुद्राच्या उष्णतेवर जगणारी एक प्रणाली आणि उष्ण व थंड हवेतील तफावतीवर जगणारी दुसरी प्रणाली एकत्र आल्या की काय होते, याचा हा आपल्या जवळचा नमुना होय. अटलांटिक आणि पश्चिम पॅसिफिक महासागरांत हीच भेट याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर होते. अटलांटिकमधील जवळपास निम्मी उष्णकटिबंधीय वादळे उत्तरेकडे वळून थंड पाण्यावर जाताना आपले स्वरूप बदलतात. या स्थित्यंतराचा अभ्यास मात्र आश्चर्य वाटावे इतका उशिरा मार्गी लागला, आणि तो का रखडला हे समजून घेतल्याशिवाय हवामानाचा अंदाज काढणाऱ्या आजच्या संगणकीय प्रारूपांची बलस्थाने व उणिवा नीट कळत नाहीत.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. अटलांटिकमध्ये याच अक्षांशाच्या आसपास चक्रीवादळे ऐन भरात असतात. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर असते, बाष्पाचे ढग होताना मुक्त होणारी उष्णता वादळाच्या मध्यभागी साठते, आणि त्यामुळे त्याचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहतो. असे वादळ बव्हंशी गोलाकार आणि आटोपशीर असते. सर्वांत जोराचा वारा डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, जमिनीपासून फार उंच नसलेल्या थरात वाहतो. चाळीस-पन्नास अंशांच्या पट्ट्यात गेल्यावर खालचे पाणी थंड होते, वरच्या थरांतील पश्चिमी वारे वादळाचा माथा ओढून तिरका करतात, एका बाजूने कोरडी थंड हवा आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने उष्ण दमट हवा तिच्यावर चढते. येथे वादळ एक तर विरते, नाही तर वायुराशींच्या तफावतीतून नवी ऊर्जा घेऊन पुन्हा जोर धरते. दुसऱ्या शक्यतेत वाऱ्याचा कमाल वेग बहुधा घटलेला असतो, पण वाऱ्याचे क्षेत्र कित्येक पटींनी पसरते आणि मुसळधार पावसाचा पट्टा प्रामुख्याने मार्गाच्या डाव्या बाजूला सरकतो.

या दोन प्रकारच्या वादळांचे शास्त्र दोन वेगळ्या ठिकाणी वाढले. मध्य अक्षांशांतील वादळांचा पाया नॉर्वेतील बर्गन शहरात घातला गेला. पहिल्या महायुद्धामुळे परदेशांतून येणारी हवामानाची माहिती तुटल्यावर विल्हेल्म बियर्कनेस यांनी देशातच निरीक्षकांचे दाट जाळे उभारले, आणि त्या नोंदींवरून त्यांचे पुत्र जेकब यांनी १९१९ मध्ये फिरत्या आवर्ताच्या रचनेवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, म्हणजे आघाडीवर, लाट उठते आणि तिच्यातून वादळ जन्मते, हे त्या विचाराचे सार होते. त्याला गणिती आधार १९४७ मध्ये जूल चार्नी यांनी आणि १९४९ मध्ये एरिक ईडी यांनी दिला. उष्णकटिबंधीय वादळांचे ज्ञान मात्र नाविकांच्या नोंदवह्या, क्युबातील हवानाच्या वेधशाळेत बेनितो व्हिन्येस या जेझुइट धर्मगुरूंनी केलेली निरीक्षणे आणि १९४३ नंतर वादळात शिरू लागलेली विमाने यांतून जमत गेले. एकीकडे आघाडी हाच सारा विषय होता आणि दुसरीकडे आघाडीचा पत्ताच नव्हता. साहजिकच जे वादळ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाई, त्याची जबाबदारी कोणाचीच नसे.

त्याची किंमत २१ सप्टेंबर १९३८ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागाने मोजली. त्या दिवशी न्यू इंग्लंडवर आलेले वादळ इतर अनेक वादळांप्रमाणे समुद्रातच पूर्वेला वळेल, अशी वॉशिंग्टनमधील अनुभवी अंदाजकांची अटकळ होती. पश्चिमेकडील कमी दाबाच्या लांबट पट्ट्याने, म्हणजे द्रोणीने, त्याला उत्तरेकडे खेचले. ते मोटारगाडीच्या वेगाने किनाऱ्यावर आले आणि सहाशेच्या आसपास माणसे दगावली. चार्ल्स पीअर्स या कनिष्ठ अंदाजकाने ही शक्यता आधी मांडली होती आणि ती मानली गेली नाही, असा वृत्तांत सर्रास सांगितला जातो. त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेले या वादळाचे विश्लेषण आजही वाचण्याजोगे आहे, कारण उष्णकटिबंधीय वादळाचा माग घेताना वरच्या थरांतील मध्य अक्षांशीय प्रवाह पाहणे किती गरजेचे आहे हे त्यात वाऱ्यांच्या प्रत्यक्ष नोंदींसह दाखवले आहे.

पुढचा धडा कॅनडाने घेतला. ‘हेझल’ चक्रीवादळ १५ ऑक्टोबर १९५४ रोजी कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आले. हजार किलोमीटरची जमीन आणि डोंगररांगा ओलांडून ते उत्तरेला जाईपर्यंत त्यात फारसे त्राण उरणार नाही, ही अपेक्षा तर्काला धरून होती. परंतु वाटेत त्याची गाठ पश्चिमेकडून आलेल्या थंड आघाडीशी पडली आणि टोरोंटोवर त्याच रात्री प्रचंड पाऊस कोसळला. आधीच्या पावसाने जमीन भिजून चिंब होती, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी थेट नद्यांत उतरले. हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एका गल्लीत तीसहून अधिक माणसे वाहून गेली आणि ओंटारियो प्रांतात एकूण ८१ मृत्यू झाले. त्यानंतर त्या शहराने नदीकाठच्या पूरक्षेत्रातील जमिनी ताब्यात घेऊन तेथे घरे बांधू दिली नाहीत. टोरोंटोच्या आजच्या कित्येक नदीकाठच्या बागा त्या निर्णयातून आल्या आहेत. गोदावरीच्या पूररेषेवर होणारे वाद ऐकणाऱ्या नाशिककराने या गोष्टीकडे थोडे थांबून पाहावे, असे वाटते.

शास्त्राच्या दृष्टीनेही ‘हेझल’ निर्णायक ठरले. फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी चक्रीवादळांसाठी समुद्राच्या किमान तापमानाची अट १९४८ मध्ये मांडली होती. त्यांनीच १९५८ मध्ये ‘हेझल’च्या स्थित्यंतरातील ऊर्जेचा हिशेब केला. थंड हवा खाली उतरते आणि उष्ण हवा वर चढते तेव्हा मोठ्या प्रमाणात गतिज ऊर्जा निर्माण होते, आणि तिचा मोठा वाटा वादळात न राहता भोवतालच्या पश्चिमी प्रवाहात जातो, हे त्यांनी दाखवले. वादळ मरत नाही, उलट ते सबंध गोलार्धाच्या वाऱ्यांत भर घालू शकते, ही कल्पना तेव्हा नवीन होती. तिचा पाठपुरावा मात्र रेंगाळला. उपग्रहांची चित्रे १९६० पासून मिळू लागली, १९७२ च्या ‘अॅग्नेस’ वादळाने पेनसिल्व्हेनियात महापूर आणला, त्यावर १९८२ मध्ये तपशीलवार निबंध आले आणि १९८७ मध्ये कॅनडाने आपले स्वतंत्र चक्रीवादळ केंद्र स्थापले. तरीही या विषयाची सुसूत्र मांडणी होण्यास २००० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

संगणकीय प्रारूपांतही तीच फूट उतरली होती. प्रारूप हवेचे गणित पृथ्वीवर आखलेल्या जाळीच्या बिंदूंवर करते. साऱ्या पृथ्वीचे प्रारूप चालवायचे तर या जाळीच्या दोन बिंदूंतील अंतर शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक ठेवावे लागे, आणि चक्रीवादळाचा डोळा तर बहुधा त्याहून लहान असतो. म्हणून चक्रीवादळांसाठी वेगळी, वादळासोबत सरकणारी बारीक जाळीची प्रारूपे तयार झाली. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेचे प्रारूप १९९५ मध्ये आणि ‘एचडब्ल्यूआरएफ’ हे प्रारूप २००७ मध्ये नियमित वापरात आले, आणि पुढे भारतीय हवामान विभागानेही त्याचा अवलंब केला. त्या काळी समुद्रावरील नोंदी अपुऱ्या असल्यामुळे प्रारूपाच्या आरंभीच्या स्थितीत वादळाच्या जागी एक कृत्रिम, गोल आणि सममित भोवरा बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. पंधरा-वीस अंशांवर हा उपाय बरा चाले. स्थित्यंतरात मात्र वादळाची सममितीच मोडत असते, आणि नेमक्या तेव्हा प्रारूपाला सममित भोवरा पुरवला जाई. चाळीस अंशांपलीकडच्या अंदाजांतील बऱ्याच चुकांचे मूळ अशा साध्या सोयींत होते, असे माझे मत आहे.

फूट बुजवण्यात हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्ट यांच्या २००३ मधील मांडणीचा वाटा मोठा आहे. एखादे वादळ उष्णकटिबंधीय आहे की नाही, असा प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी प्रत्येक वादळासाठी तीन मापे ठरवली. वादळाच्या प्रवासाच्या दिशेला उजव्या आणि डाव्या बाजूंच्या हवेत उष्णतेचा फरक किती, खालच्या थरात गाभा उबदार की थंड, आणि वरच्या थरात तो कसा, ही ती मापे होत. ती एका आलेखावर मांडली की वादळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकताना दिसते. उष्ण हवेचा थर अधिक जाड असतो, म्हणून पहिले माप थराच्या जाडीतील फरकावरून मीटरमध्ये काढतात. ते १० मीटरच्या वर गेले की स्थित्यंतर सुरू झाले आणि खालच्या थरातील गाभा थंड झाला की ते पुरे झाले, असा संकेत रूढ झाला. कोणत्याही प्रारूपाच्या आकड्यांवरून हा आलेख काढता येतो, त्यामुळे निरनिराळ्या प्रारूपांची तुलना प्रथमच एका पट्टीवर होऊ लागली. त्याच वर्षी सारा जोन्स आणि सहकाऱ्यांचा विस्तृत आढावाही प्रसिद्ध झाला. मोजमापांची बाजूही हळूहळू भरत गेली. कॅनडाचे संशोधन विमान २००० मध्ये ‘मायकल’ वादळात शिरले, २००८ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये बहुराष्ट्रीय मोहीम झाली आणि २०१६ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये दुसरी.

या मोहिमांतून एक गोष्ट ठळक झाली. स्थित्यंतर होणाऱ्या वादळाच्या माथ्यावरून बाहेर पडणारी हवा जेट प्रवाहाला, म्हणजे खूप उंचीवरून वेगाने वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याला, धक्का देते, त्यात मोठी लाट उठते आणि तिचा परिणाम हजारो किलोमीटर पूर्वेला काही दिवसांनी जाणवतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘नुरी’ या टायफूनचे, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधील चक्रीवादळाचे, अवशेष बेरिंग समुद्रावर सुमारे ९२४ हेक्टोपास्कल (समुद्रसपाटीला हवेचा सर्वसाधारण दाब सुमारे १०१३ असतो) इतक्या कमी दाबाचे वादळ बनले, आणि त्यानंतर उत्तर अमेरिकेत थंडीची तीव्र लाट उतरली. अशा वेळी साऱ्या गोलार्धाचे पाच-सात दिवसांचे अंदाज डळमळीत होतात. एकाच प्रारूपाच्या थोड्या वेगळ्या आरंभांतून काढलेले अनेक अंदाज, म्हणजे समूह-अंदाज, १९९२ पासून नियमित निघू लागले. ही अनिश्चितता आकड्यांत सांगता येणे ही त्यांचीच देणगी होय.

प्रशासनातील फूट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या ‘सँडी’ वादळाने उघडी पाडली. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या प्रारूपाने २०१२ च्या ऑक्टोबरात जवळपास आठवडाभर आधी त्याचे पश्चिमेकडचे अनपेक्षित वळण दाखवले होते. पण किनारा गाठण्याच्या थोडे आधी ते वादळ उष्णकटिबंधीय राहिले नाही, आणि हे आधीच अपेक्षित असल्यामुळे न्यू जर्सी व न्यूयॉर्कसाठी चक्रीवादळाचा औपचारिक इशारा निघालाच नव्हता. नियमानुसार ते बरोबर होते, आणि लोकांना सावध करण्याच्या दृष्टीने तितकेच चुकीचे. २०१३ मध्ये नियम बदलला आणि स्वरूप पालटलेल्या वादळासाठीही तेच इशारे चालू ठेवण्याची मुभा मिळाली. २०१७ मध्ये ‘ओफेलिया’ वादळ आयर्लंडकडे निघाले, तेव्हा अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राचे काही नकाशे ६० अंश उत्तरेला सरळ रेषेत तुटत होते, कारण त्यापुढे त्या जाळीची गरज पडेल असे कोणी धरलेच नव्हते.

आपल्याकडे बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहेत, म्हणून पूर्ण स्थित्यंतर सहसा होत नाही. अर्धवट भेटी मात्र होतात. ‘हुदहुद’ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकले, आणि दोनच दिवसांनी त्याच्या बाष्पाची पश्चिमेकडील द्रोणीशी गाठ पडून नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात झालेल्या हिमवृष्टीत चाळीसहून अधिक जण मरण पावले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर पडणारी अवकाळी गारपीट चक्रीवादळातून येत नाही. तीत वरची थंड द्रोणी आणि खालचे दमट वारे यांची सांगड असते, आणि प्रारूपांची अडचण तिथेही बऱ्याच अंशी तशीच आहे.

उत्तर गोलार्धातील वादळे आपल्या कमाल तीव्रतेला दर दशकात सुमारे ५३ किलोमीटर अधिक उत्तरेला पोहोचत असल्याचे जेम्स कॉसिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले. २०२२ च्या सप्टेंबरात ‘फिओना’ने नोव्हा स्कॉशियात सुमारे ९३२ हेक्टोपास्कल हा कॅनडातील नीचांकी दाब नोंदवला. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली प्रारूपे वादळांचा मार्ग उत्तम सांगू लागली आहेत. त्यांचे शिक्षण मात्र ज्या पूर्वनोंदींवर झाले, त्यांची जाळी सुमारे तीस किलोमीटरची आहे. त्या नोंदींत चक्रीवादळाचा आवळलेला गाभा मुळातच पुसट असल्यामुळे वाऱ्याचा जोर ही प्रारूपे कमी दाखवतात. गाभा सैलावून वारा पसरल्यावर ही उणीव कमी होते, म्हणून स्थित्यंतराच्या उत्तरार्धात त्यांच्यावर अधिक विसंबता येते आणि पूर्वार्धात बारीक जाळीची भौतिक प्रारूपे सोबत ठेवावी लागतात.