भंडाऱ्याचे चौकोन

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर उभं राहून मी मोबाइलवर पालखीचं चित्रीकरण करत होतो. ‘येळकोट येळकोट’चा गजर झाला, मुठी उधळल्या गेल्या आणि सगळी हवाच हळदीची झाली. मोबाइलच्या पडद्यावर भंडाऱ्याचा कण न् कण दिसत होता. घरी येऊन नको ते तुकडे कापले, उरलेले जोडले, ‘एक्स्पोर्ट’ केलं, म्हणजे त्यांची एक तयार फाइल काढली, आणि यूट्यूबवर चढवलं. तिथे पाहतो तर दीपमाळा नीट, पायऱ्या नीट, पण भंडारा उधळला रे उधळला की पडदाभर पिवळे चौकोन. त्याच आठवड्यात, त्याच मोबाइलने केलेला आणि त्याच सेटिंगने काढलेला आमच्या गावातल्या कीर्तनाचा व्हिडिओ मात्र आरशासारखा स्वच्छ होता.

कीर्तन टिकतं आणि भंडारा फुटतो, याचं कारण कळलं की एक्स्पोर्टच्या खिडकीतले निम्मे पर्याय आपोआप कळतात.

आधी थोडा हिशेब. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली की १५५ मेगाबाइट, आणि एका मिनिटाला नऊ गिगाबाइटच्या वर. एवढा ऐवज कुणाच्याच इंटरनेटवरून वाहणार नाही. म्हणून व्हिडिओ दाबावा लागतो. फुल एचडीसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने) एक मेगाबाइट सुचवतं. १५५ मधले १५४ भाग टाकून द्यायचे आणि पाहणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, असं हे काम आहे.

ते साधतं, कारण व्हिडिओत नवं फार थोडं असतं. कीर्तनकारबुवांच्या मागचा पडदा, समई आणि टाळकरी या चित्रात आहेत तसेच पुढच्या चित्रातही आहेत. २००३मध्ये मान्य झालेलं आणि आजही जवळपास सगळीकडे चालणारं एच.२६४ हे तंत्र चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे सापडतो का, ते शोधतं. सापडला, तर ‘तोच घे, तीन ठिपके डावीकडे सरकव’ एवढीच नोंद होते. पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलं जातं. बुवांचा हात हलला, मान डोलली, तेवढ्यापुरताच खर्च.

भंडाऱ्यात हा शोध हरतो. हवेतला प्रत्येक कण आपापल्या वाटेने जातो, वाऱ्याने वळतो, उन्हात चमकतो आणि सावलीत विझतो. आधीच्या चित्रातला कुठलाच चौकोन पुढच्या चित्राशी जुळत नाही. पावसाचं, धबधब्याचं, मिरवणुकीतल्या गुलालाचंही असंच. मग सगळं नव्याने लिहावं लागतं आणि त्यासाठी दिलेले बिट पुरत नाहीत.

न पुरल्यावर चौकोनच का दिसतात? त्यासाठी बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांच्याकडे जावं लागेल. चित्राचा छोटा चौकोन हा काही ठरावीक नक्षींची बेरीज म्हणून लिहिता येतो: एक सपाट रंग, एक सावकाश बदलणारी छटा, मग अधिकाधिक बारीक पट्टे. ही गणिती रीत, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, अहमद यांना सुचली. १९७२मध्ये अमेरिकेत त्यांनी तिच्यासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. कल्पना फारच साधी आहे, असं परीक्षकांना वाटलं होतं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. आज मोबाइलमधला जेपीईजी फोटो याच रीतीने दबतो आणि एच.२६४मध्येही तिचंच सोपं केलेलं रूप आहे. मला या माणसाविषयी फार कृतज्ञता वाटते.

बिट कमी पडले की बारीक पट्टे आधी टाकले जातात, कारण डोळ्यांना त्यांची उणीव सहसा जाणवत नाही. आणखी कमी पडले की मधले जातात. अगदीच टंचाई झाली की प्रत्येक चौकोनात उरतो तो एकच सपाट रंग. भंडाऱ्याचे कण म्हणजे नेमके ते बारीक पट्टे. चौकोनांच्या कडा पुसायची सोय एच.२६४मध्ये आहे, म्हणून कधीकधी चौकोनांऐवजी पिवळा चिखल दिसतो, इतकंच.

माझी चूक इथे सापडली. अपलोड लवकर व्हावं म्हणून मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्चायचे बिट, २ मेगाबिटवर आणून ठेवला होता. कीर्तनाला तेवढा पुरला. शिवाय यूट्यूब आपली फाइल आहे तशी दाखवत नाही. ती पुन्हा दाबून लहानमोठ्या आवृत्त्या करतं. म्हणजे मी आधीच फोडलेलं चित्र दुसऱ्यांदा दाबलं गेलं. आपण चढवतो ती फाइल प्रेक्षकासाठी नसते, त्या दुसऱ्या दाबणीचा कच्चा माल असते. तिथे काटकसर केली तर प्रेक्षकाचा डेटा वाचत नाही, फक्त चित्र बिघडतं. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ याच कारणाने वापरू नये. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

म्हणून बिटरेट फक्त चित्राच्या आकारावरून ठरवू नका, दृश्यातली हालचाल बघा. सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिएबल बिटरेट, टू पास’ असेल तर तो घ्यावा. पहिल्या फेरीत ते सगळा व्हिडिओ बघून कुठे धांदल आहे ते टिपतं आणि दुसऱ्या फेरीत त्याच व्हिडिओतल्या संथ दृश्यांतून वाचवलेले बिट भंडाऱ्यावर खर्च करतं. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिटरेटऐवजी दर्जाचा आकडा देता येतो. तो जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एच.२६४साठी मी १८ ठेवतो.

फ्रेमरेट मात्र बदलू नका. मोबाइलने सेकंदाला ३० चित्रं टिपली असतील तर ३०च ठेवा. २५ केलं की दर सहातलं एक चित्र गळतं आणि संथ चालणारी पालखी हिसके देत चालल्यासारखी दिसते. घरात लग्नाच्या जुन्या कॅसेटी असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यात प्रत्येक चित्र सम आणि विषम रेघांत विभागून टिपलेलं असतं, म्हणून एक्स्पोर्टच्या वेळी ‘डीइंटरलेस’ केलं नाही, म्हणजे हे विभाजन मिटवलं नाही, तर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

रंगाचं एक सांगायला हवं. आपली नजर उजेडाचे बारकावे चटकन टिपते, रंगाचे नाही. म्हणून ऑनलाइन व्हिडिओत उजेड ठिपक्या-ठिपक्याला साठवतात, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. दगडी पायऱ्यांवर हे कळतही नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं टाकली की त्यांच्या कडा फिसकटतात. नावं पांढऱ्या अक्षरांत द्या.

व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणार असाल तर ‘फास्ट स्टार्ट’ किंवा ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ ही खूण विसरू नका. एमपी४ फाइलला एक अनुक्रमणिका असते आणि ती बहुधा शेवटी लिहिली जाते, कारण कुठलं चित्र कुठे बसलं ते तोवर ठरलेलं नसतं. या खुणेने ती पुढे येते आणि पूर्ण फाइल उतरायच्या आत व्हिडिओ सुरू होतो.

जेजुरीचा व्हिडिओ मी मूळ फाइलवरून पुन्हा काढला. या वेळी बिटरेट १६ मेगाबिट, यूट्यूब सुचवतं त्याच्या दुप्पट. दहा मिनिटांची फाइल १.२ गिगाबाइटची झाली, ती रात्री चढवायला लावली. कण अजूनही मोबाइलवर दिसले होते तितके सुटे नाहीत, कारण दुसरी दाबणी माझ्या हातात नाही. पण चौकोन गेले, आणि उधळणीच्या आड पालखीला खांदा दिलेल्या माणसांचे चेहरे ओळखू येतात.