दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनमधील क्षयरोगसेवा

१९३९ ते १९४५ या युद्धकाळात ब्रिटनमध्ये क्षयरुग्ण शोधणे, त्यांच्यावर उपचार करणे व त्यांच्या कुटुंबांवर देखरेख ठेवणे यांसाठी चालू राहिलेली सार्वजनिक व्यवस्था. इंग्लंडमध्ये १९२१ च्या कायद्याने क्षयाच्या उपचारांची जबाबदारी काउंटी व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांवर टाकली होती. कौन्सिलचा क्षयरोग अधिकारी, त्याचा दवाखाना, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका आणि गावाबाहेरचे सॅनिटोरियम, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणारे रुग्णालय, अशी ही साखळी होती. वेल्समध्ये मात्र हे काम एका स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेकडे होते. तेथील सेवेच्या चौकशीचा क्लेमंट डेव्हिस समितीचा अहवाल १९३९ मध्ये आला. त्यात कोंदट, ओलसर घरे आणि त्यांबाबत स्थानिक कौन्सिलांनी दाखवलेली उदासीनता यांवर कडक ताशेरे होते.

क्षयावर तेव्हा औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि निवडक रुग्णांसाठी फुफ्फुस मिटवण्याचा उपाय, एवढ्यावर उपचार संपत. या उपायात बरगड्यांच्या मधून सुई घालून छातीच्या पोकळीत हवा भरत, म्हणजे फुफ्फुस दबून त्याला विसावा मिळे. भरलेली हवा हळूहळू शोषली जाई, म्हणून ती ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे आणि हे काही वर्षे चाले. रुग्ण घरी गेला तरी त्याची दवाखान्याशी गाठ सुटत नसे. हवा भरण्याची वेळ चुकली की फुफ्फुस पुन्हा फुगे आणि केलेले वाया जाण्याची भीती असे.

सप्टेंबर १९३९ मध्ये नेमकी हीच साखळी तुटली. हवाई हल्ल्यांत प्रचंड संख्येने माणसे जखमी होतील, असा सरकारचा अंदाज होता. त्यांच्यासाठी खाटा मोकळ्या करताना हजारो क्षयरुग्णांना घरी पाठवण्यात आले. त्यांतल्या अनेकांच्या थुंकीत जंतू होते आणि घरी एकाच खोलीत मुलेबाळे झोपत. जखमींचा अंदाज प्रत्यक्षाच्या कितीतरी पट जास्त निघाला, त्यामुळे रिकाम्या खाटा तशाच पडून राहिल्या. युद्धकाळातील आरोग्य नियोजनातला हा सर्वांत महागडा निर्णय म्हणता येईल. १९४० व १९४१ मध्ये क्षयाचे मृत्यू वाढले. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोत, परिस्थिती अधिक बिकट होती. सगळा दोष या एका निर्णयावर टाकता येणार नाही. कारखान्यांतले जादा तास, हवाई हल्ल्यांच्या भीतीने दिवे झाकून खिडक्या बंद केलेल्या कार्यशाळा आणि दाटीवाटीची बिऱ्हाडे यांचाही त्यात वाटा होता. आहाराची बाजू मात्र सावरली गेली. रेशनच्या काळात क्षयरुग्णांना दुधात प्राधान्य होते.

वाढत्या मृत्यूंमुळे वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. तिच्या शिफारशीनंतर १९४३ पासून सामूहिक क्ष-किरण तपासणी सुरू झाली. ब्राझीलमधील मानुएल दे आब्रेऊ यांनी १९३६ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीनुसार क्ष-किरणांनी पडद्यावर उमटलेल्या छातीच्या प्रतिमेचा लहान फिल्मवर फोटो घेतला जाई. कारखान्याच्या दालनात यंत्र उभारायचे, कामगारांनी कमरेपर्यंत कपडे उतरवून रांगेत यायचे, छाती फळीला टेकवून क्षणभर श्वास रोखायचा, की पुढचा. संशय आला तर मोठी फिल्म काढली जाई. तोवर निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसांतही रोग सापडू लागला.

पण रोग सापडल्यावर काम सोडायचे, तर घर कशावर चालणार? या भीतीने माणसे तपासणीच टाळतील, हे अधिकाऱ्यांना कळत होते. म्हणून त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाने ‘२६६/टी’ या परिपत्रकाने उपचार घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला. कौन्सिलांनी तो वाटायचा आणि पैसा सरकारने द्यायचा, अशी रीत होती. मात्र तो फक्त फुफ्फुसाच्या क्षयासाठी आणि पुन्हा कामावर जाऊ शकतील अशांसाठीच होता. जुनाट रुग्ण व हाडांचा किंवा ग्रंथींचा क्षय असलेले त्यातून वगळले गेले. म्हणजे ज्याच्या घराला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हाती काही पडत नसे. दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना ही वर्गवारी रोज दारोदार जाऊन समजावून सांगावी लागे. योजना रुग्णांपेक्षा युद्धोत्पादनाच्या सोयीने आखलेली होती, हे त्यावरून उघड दिसते.

तपासणीने रुग्णांची यादी वाढली, तरी त्यांना ठेवायला जागा नव्हती. इमारती होत्या, परिचारिका नव्हत्या. संसर्गाची धास्ती, आडबाजूची ठिकाणे आणि तुटपुंजा पगार यांमुळे सॅनिटोरियमच्या कामाला मुली तयार होत नसत. त्यामुळे खाटा बंद ठेवाव्या लागत आणि निदान झालेला रुग्ण प्रतीक्षायादीत राही. ही टंचाई शांतता झाल्यावरही टिकली.

क्षयावरील औषध स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला, पण ब्रिटनमधील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि सॅनिटोरियम व दवाखान्यांतील उपचार प्रादेशिक रुग्णालय मंडळांकडे गेले. प्रतिबंध, गृहभेटी व उपचारोत्तर देखभाल कौन्सिलांकडे राहिली. त्यामुळे १९२१ पासून एका हाताखाली असलेले काम दोन यंत्रणांत विभागले गेले.