पटवणारा प्रचार आणि वाकवणारा प्रचार

डिसेंबर २०११ मध्ये उत्तर कोरियाचा हुकूमशहा किम जोंग इल मरण पावला, तेव्हा राजधानी प्याँगयांगच्या रस्त्यांवर ऊर बडवून रडणाऱ्या माणसांची चित्रफीत जगभर दाखवली गेली. आजही ती कुठे दिसली की तिच्यावरून तेच दोन निष्कर्ष काढले जातात. एक असा की या लोकांचे पुरते ब्रेनवॉशिंग झालेले आहे. दुसरा असा की हे सारे भीतीपोटी चाललेले नाटक आहे, अर्थात तिथला प्रचार फसलेला आहे. हे निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच चुकीचे गृहीतक आहे: सांगितलेली गोष्ट लोकांना खरी वाटावी एवढ्यासाठीच प्रचार केला जातो, आणि ती खरी वाटली नाही तर तो वाया जातो. वास्तविक हुकूमशाहीत प्रचार दोन निरनिराळी कामे करतो आणि त्यांतल्या एका कामासाठी कोणाचाही विश्वास बसण्याची गरज नसते. सोयीसाठी या दोन कामांना मी पटवणारा प्रचार आणि वाकवणारा प्रचार असे म्हणेन.

पटवणारा प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. मार्च १९३३ मध्ये जर्मनीत नवे प्रचार मंत्रालय स्थापन होऊन ते गोबेल्सच्या हाती आले, त्याच वर्षी सामान्य कुटुंबाला परवडेल असा रेडिओ संच बाजारात आणला गेला, आणि वृत्तपत्रे, नभोवाणी व चित्रपट यांतून जगाचे एकच चित्र घरोघरी पोचू लागले. या प्रकाराला श्रोत्याचा विश्वास लागतो, म्हणून प्रतिस्पर्धी माहिती त्याला सोसवत नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, परदेशी नभोवाणी ऐकणे गुन्हा ठरवले गेले ते याच कारणाने. विश्वास टिकवण्यासाठी प्रसंगी खरेही सांगावे लागते. स्टालिनग्राडचा पराभव दडवणे अशक्य झाले, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये तो नभोवाणीवरून जाहीर करून राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला आणि त्या धक्क्याचाच उपयोग करून गोबेल्सने १८ फेब्रुवारीच्या भाषणात सर्वंकष युद्धाची हाक दिली.

‘खोटे शंभर वेळा सांगितले की खरे होते’ हे वाक्य गोबेल्सच्या नावावर इतक्या निष्ठेने खपवले जाते की त्या वाक्याचीच गत त्यात सांगितल्यासारखी झाली आहे. त्याच्या भाषणांत वा लेखनात ते आढळत नाही. मोठे खोटे बोलावे आणि त्याला चिकटून राहावे ही रीत त्याने जानेवारी १९४१ मधील एका लेखात इंग्रज नेत्यांवर आरोप म्हणून लिहिली होती. चुकीच्या नावावर लागले एवढीच माझी तक्रार नाही. या वाक्यामुळे प्रचार म्हणजे खोटे गळी उतरवण्याची कला एवढीच व्याख्या लोकांच्या डोक्यात बसते आणि दुसरा प्रकार समोर असूनही ओळखू येत नाही.

तो दुसरा प्रकार पाहायचा तर हाफिझ अल असदच्या सीरियात जावे. असद मूळचा लष्करी वैमानिक, आणि तरीही त्याच्या राजवटीत त्याला देशातील सर्वश्रेष्ठ औषधतज्ज्ञसुद्धा म्हटले जाई. ‘आमचा नेता अनंतकाळपर्यंत’ अशी घोषणा भिंतीभिंतींवर असे. यांतली कोणतीही गोष्ट सांगणाऱ्याला, ऐकणाऱ्याला किंवा लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याला खरी वाटत असेल, असे मानण्याचे कारण नाही. इराकमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दाम हुसेनने राष्ट्राध्यक्ष राहावे की नाही यावर सार्वमत घेतले गेले, त्यात १ कोटी १४ लाख ४५ हजार ६३८ मतदारांपैकी प्रत्येकाने मतदान केले आणि प्रत्येकाने होकारच दिला, असे जाहीर करण्यात आले. १९९५ च्या सार्वमतात हाच आकडा ९९.९६ टक्के होता. फसवायचेच असते तर ७५ किंवा ८० टक्के सांगितले असते आणि ते कदाचित कोणाच्या पचनीही पडले असते. उरलेले शतांश काढून टाकून शंभर टक्के गाठण्याचा अट्टहास पाहून हसणारे लोक हे प्रचारकांचे अडाणीपण समजतात. माझ्या मते हे हसणे पूर्णपणे अस्थानी आहे, कारण त्या आकड्याची अशक्यता हाच त्याचा मजकूर असतो. आम्ही इतके उघड खोटे बोलू शकतो आणि ते वाचून तुम्हाला ब्रही काढता येत नाही, हे तो आकडा प्रत्येक नागरिकाला सांगत असतो.

इथे खोट्याचे असंभाव्य असणे उपयोगी पडते, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी याच ठिकाणी होते. संभाव्य वाटणाऱ्या गोष्टीला एखाद्याने मान डोलावली तर तो खरोखर सहमत आहे की घाबरलेला आहे, हे सत्तेला कळत नाही. उघड निरर्थक गोष्ट मात्र चारचौघांत, गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवणाऱ्याबद्दल एक गोष्ट निश्चित होते: तो सांगितले ते करतो. शिवाय ते म्हणताना त्याची स्वतःच्या नजरेतली किंमत थोडी उतरते. काल त्याच सभेत टाळ्या वाजवलेल्या माणसाला आज शेजाऱ्याच्या टाळ्यांवर बोट ठेवणे जड जाते, आणि अशा रीतीने थोडाथोडा दोष सगळ्यांच्या वाट्याला येऊन सगळेच एकमेकांपुढे गप्प होतात. याहून महत्त्वाचे असे की प्रत्येकाला इतरांच्या टाळ्या दिसतात, मन दिसत नाही. मी एकटाच खोटे वाजवतो आहे की सभागृहातले सगळेच, हे जाणून घेण्याचा मार्ग बंद राहतो. म्हणून एकेकट्या नागरिकाच्या मनातील अविश्वास सत्तेला फारसा खुपत नाही. तो अविश्वास सर्वांना आहे ही गोष्ट सर्वांना कळू नये, याची मात्र ती डोळ्यांत तेल घालून काळजी घेते.

समोरचा प्रचार कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे असेल तर त्यातील मजकुराची सत्यता तपासत बसू नये, शिक्षा कशाला होते ते पाहावे. पटवणारी सत्ता लोकांनी भलतेच काही ऐकल्याबद्दल शिक्षा करते, तर वाकवणारी सत्ता ठरलेली कृती न केल्याबद्दल. तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्ष सपरमुरात नियाझोव्हने २००१ मध्ये स्वतःच्या नावावर ‘रुहनामा’ हा ग्रंथ काढला आणि वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीसुद्धा त्यावरील परीक्षा लावली. तिथे ग्रंथ माहीत असणे पुरेसे होते. तो पटलेला आहे की नाही हे कोणी विचारत नव्हते. २००२ मध्ये त्याने जानेवारीला आपली ‘तुर्कमेनबाशी’ ही पदवी आणि एप्रिलला आपल्या आईचे नाव दिले. त्यामुळे कोणाचे मतपरिवर्तन झाले नसेल, पण तारीख लिहिण्याच्या प्रत्येक प्रसंगी आज्ञापालन घडत राहिले. ही नावे त्याच्या मृत्यूनंतर २००८ मध्ये रद्द झाली.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पुतळे एकाच प्रकारात असतात, चित्रपट दुसऱ्यात असतात, असे काही नसते. भडक भाषा आणि गाजावाजा दोन्हीकडे सापडतो.

एकाच देशात, एकाच भिंतीवर दोन्ही प्रकार नांदू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. उत्तर कोरियात घराघरांत लावलेली नेत्यांची चित्रे पहिलीतल्या मुलाला पटवत असतात, आणि त्याच चित्रांवर धूळ बसू न देणाऱ्या त्याच्या आजोबांना वाकवत असतात. त्यामुळे प्याँगयांगच्या त्या गर्दीत खरे रडणारे किती होते, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. रडणे सार्वजनिक होते आणि न रडणारा दिसत होता, एवढ्यावर राजवटीचे काम भागत होते. चीनमधील विद्यार्थ्यांवरील एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी राजकीय शिकवणीशी अधिक परिचित असलेले विद्यार्थी सरकारवर अधिक खूश असल्याचे त्यात दिसले नाही. सरकार बलवान आहे असे मात्र त्यांना अधिक प्रमाणात वाटत होते, आणि विरोधी कृतीत उतरण्याची त्यांची तयारी कमी होती. शिकवणी कंटाळवाणी आहे म्हणून ती निष्फळ ठरवणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

दोन्ही प्रकारांचा शेवटही वेगवेगळ्या कारणांनी होतो. पटवणारा प्रचार वस्तुस्थितीवर आपटून फुटतो. वाकवणाऱ्या प्रचारावर वस्तुस्थितीचा परिणाम होत नाही, कारण ती सर्वांना आधीच माहीत असते. १९८० च्या दशकात रुमानियात अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते आणि दूरचित्रवाणी विक्रमी पिकांच्या बातम्या देत होती. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला खरे काय हे सांगायला कोणा परदेशी नभोवाणी केंद्राची आवश्यकता नव्हती. तरी ‘कार्पेथियन पर्वताचा प्रतिभावंत’ असे बिरुद मिरवणाऱ्या चाउशेस्कूची सत्ता टिकून होती. २१ डिसेंबर १९८९ रोजी बुखारेस्टमधील सभेत जमलेल्या गर्दीतून त्याच्या भाषणाच्या मध्येच ओरडा सुरू झाला. थेट प्रक्षेपण तोडण्यात आले, परंतु सज्जावरच्या त्याच्या गोंधळलेल्या चेहऱ्यासह तो क्षण तोपर्यंत देशभर पाहिला गेला होता. त्या दिवशी लोकांचे डोळे उघडले असे लिहिले जाते, ते चूक आहे. नवी माहिती एवढीच होती की इतरांचेही डोळे उघडेच होते. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरमधून पळाला आणि २५ डिसेंबरला त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

ती सभा त्याने स्वतःच बोलावली होती. तिमिशोआरा शहरात सैन्याने लोकांवर गोळ्या चालवल्याला जेमतेम चार दिवस झाले असताना त्याला ही कल्पना सुचली, याला अनेक लेखक त्याचा मूर्खपणा म्हणतात. परंतु वाकवणाऱ्या प्रचारात नागरिकांना एकमेकांचे मन कळत नाही, तसे हुकूमशहालाही त्यांचे कळत नाही. आदल्याच महिन्यात कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनाने त्याला टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने पुन्हा सरचिटणीस निवडले होते, आणि गर्दीचा अंदाज घेण्यासाठी त्याच्याजवळ त्या टाळ्यांखेरीज भरवशाचे दुसरे काहीच उरले नव्हते.