मधात शिफा आहे, पण तान्ह्या बाळासाठी नाही

"कुराणात मधाला औषध म्हटलंय, मग बाळाला बोटभर चाटवला तर काय बिघडतं?" बाळंतिणीच्या खोलीत हा प्रश्न अजूनही ऐकू येतो.

सूरह अन-नहलच्या 69व्या आयतीत मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात 'लोकांसाठी शिफा', म्हणजे आजारातून आराम, आहे असं सांगितलंय, हे खरं. पण प्रत्येक रोगावर, प्रत्येक वयात, असं तिथे म्हटलेलं नाही. हदीसमधली, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आठवणींतली, तहनीकही (नवजात बाळाच्या टाळूला गोड लावण्याची रीत) चावून मऊ केलेल्या खजुराची आहे. आपल्याकडे अनेक हिंदू घरांतही मधात सोनं उगाळून चाटवतात, म्हणून हे सगळ्यांनीच ऐकावं.

मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक, सुप्त रूप, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते, श्वासही अडकू शकतो. अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठा. बाळांमधला हा आजार (इन्फंट बॉट्युलिझम) 1976 मध्ये ओळखला गेला. मध घरचा असो वा जंगलातला, धोका तोच. घरी उकळूनही बीजाणू मरत नाहीत.

वर्ष उलटलं की रात्रीच्या खोकल्यावर मध खरोखर आराम देतो. काही भाजलेल्या जखमाही त्याने लवकर भरतात, मात्र त्यासाठी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध लागतो, स्वयंपाकघरातल्या बरणीतला नव्हे. मधुमेह्यांसाठी मात्र मध ही साखरच, सुमारे 80 टक्के.